साहेबांनी विळा धरला

बारा एकर गहू पिकून उभा होता आणि कापायला एक माणूस येत नव्हतं.

एरवी या दिवसांत सकाळी सहाला उतारावरच्या वस्तीतून मजूर खाली यायचे. आधी बायकांच्या बोलण्याचा कलकलाट यायचा, मागून माणसं दिसायची. आज पाचवा दिवस, वाट मोकळी. ओंब्या वाळून कडकडीत झाल्या होत्या. वारा सुटला की सगळं शेत खुळखुळायचं आणि साहेब दारात येऊन उभे राहायचे. आणखी आठ दिवस असेच गेले तर दाणा जागेवरच झडणार, एवढं त्यांनाही कळत होतं. शेतीतलं त्याहून जास्त काही त्यांना कळत नव्हतं.

बाहेर सगळे त्यांना साहेब म्हणत. घरात ते धाकटे. वडील पंचवीस वर्षं निवडून येत होते. ते थकले तेव्हा खुर्ची थोरल्याकडे जायला हवी होती, पण थोरला बोलायला लागला की समोरचा माणूस उठून जायचा. धाकट्याचं हसणं मात्र गोड. वडिलांनी मरायच्या आधीच वाटणी करून दिली, "तोंड याचं, डोकं तुझं." तेव्हापासून तीन निवडणुका, पंधरा वर्षं, साहेब तोंड झाले होते. थोरला भाषण लिहून द्यायचा, ते वाचायचे. थोरला कागदावर बोट ठेवायचा, ते तिथे सही करायचे. लग्नाला जायचे, मयताला जायचे, फिती कापायचे, हार गळ्यात घेऊन उतरवून ठेवायचे. आणि हसायचे. मयतातसुद्धा एकदा चुकून हसले होते, ते लोकांनी अजून विसरलं नव्हतं.

उतारावर चाळीस घरं होती. माणसं दोन पिढ्या तिथे राहणारी, जमीन साहेबांच्या घरची. वडिलांनी पहिल्या निवडणुकीत शब्द दिला होता, की ज्याच्या घराखालची जागा त्याच्या नावावर करू. पुढे दर निवडणुकीला तोच शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून परत दिला जायचा. साहेबांनी स्वतः तीनदा दिला होता. आणि आता थोरल्याने सगळा उतार एका गोदामवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. घरं खाली करा म्हणून नोटिसा गेल्या. कमाल जमिनीच्या कायद्यातून वाचवायला वडिलांनी जमीन घरच्यांच्या नावांवर पांगवली होती, त्यात उतार धाकट्याच्या वाट्याला आला होता. म्हणून नोटिशीखाली सही साहेबांची. कुठल्या ढिगाऱ्यात कधी केली, हे त्यांना आठवतही नव्हतं.

नोटिसा गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून वाट ओस पडली.

"आठ दिवस," थोरला चहा ढवळत म्हणाला. "चुली थंड पडल्या की येतील रांगेने."

"आणि गहू?"

"जाऊ दे गेला तर. बारा एकराने आपण भिकेला लागत नाही. त्यांची रग जिरली पाहिजे."

"मशीनवाल्याला विचारलं का, दादा?"

"त्याचा मशीन चालवणारा त्याच वस्तीतला. तो म्हणे आजारी आहे." थोरल्याने कप खाली ठेवला. "तू कशाला डोकं शिणवतोस? दोन महिन्यांवर निवडणूक आहे. जा, दाढी करून ये, चार वाजता बैठक आहे."

साहेबांनी दाढी केली. बैठकीला मात्र गेले नाहीत. गाडी काढली आणि उतारावर गेले. समजूत घालणं हे त्यांचं काम, आणि ते आपल्याला जमतं असा त्यांचा समज होता.

मुकादमीण दारात बसून छपराला बांधायची दोरी वळत होती. पन्नाशीची बाई, अंगावर मांस नाही, पण आवाज शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. वीस वर्षं मजुरांची टोळी तीच चालवत होती. साहेबांची गाडी बघून माणसं जमली. साहेब उतरले आणि सवयीने हसले.

"हसू नका," मुकादमीण म्हणाली. "तुम्ही हसलात की आम्हाला वाटतं निवडणूक आली."

माणसं हसली. साहेबांचं हसू तोंडावरच अडकलं. धड आत जाईना, धड बाहेर येईना.

"नोटिशीचं मी बघतो," ते म्हणाले.

"पंधरा वर्षं बघताय. डोळे दुखले असतील."

"हे बघा, राग माझ्यावर काढा. गव्हाने तुमचं काय घोडं मारलंय? उभं पीक झडतंय, बघवतं का तुम्हाला?"

हा घाव मात्र लागला. मुकादमिणीने दोरी बाजूला ठेवली. पेरणीपासून त्या शेतात तिचेच हात होते.

"नाही बघवत," ती म्हणाली. "म्हणून मी तिकडे तोंड करून बसत नाही. पण शेत तुमचं आहे ना? गहू तुमचा? मग कापा की. हात तुम्हालाही दोनच आहेत. एक पात पुरी काढून दाखवा, मग बोलू."

पात म्हणजे एका माणसाने बांधापासून बांधापर्यंत कापत न्यायचा पट्टा. एवढं साहेबांना ठाऊक होतं.

"कापतो," ते म्हणाले.

हे थोरल्याने लिहून दिलेलं नव्हतं. ते म्हणाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पण आता माघार कशी घ्यायची? तीस माणसं बघत होती.

"उद्या सकाळी सहाला," ते म्हणाले.

"विळ्याची धार कुठल्या बाजूला असते ते विचारून ठेवा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

*

सहाला साहेब शेतात उभे होते. पायात पॉलिश केलेले बूट, अंगात पांढरा सदरा, कारण दुसऱ्या रंगाचा त्यांच्याकडे नव्हता. उताराच्या कडेला वस्तीतली माणसं ओळीने बसली होती.

साहेब वाकले. डाव्या मुठीत काड्या धरल्या, उजव्या हाताने विळा ओढला. काड्या कापल्या गेल्या नाहीत, मुळासकट उपटून आल्या आणि माती तोंडावर उडाली. वर कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी दुसरी मूठ धरली. तिसरी. कुसळं सदऱ्याच्या बाहीतून आत शिरली आणि कोपरापर्यंत आग होऊ लागली. दहा मिनिटांत कंबर म्हणाली, बास. अर्ध्या तासात विळा सटकला आणि डाव्या हाताच्या बोटावर उतरला. रुमाल गुंडाळून ते पुन्हा वाकले. नऊ वाजता मागे वळून बघितलं तर आपण कुठवर आलोय? जिथे बूट ठेवून आले होते, ते बूट हात लांब केला तर लागतील एवढ्यावर. बूट त्यांनी काढले होते, कारण त्यात ढेकळं जात होती. आता धसकटं तळव्यांत घुसत होती.

उठून गाडीत बसावं आणि जावं, असं त्या सकाळी त्यांना किती वेळा वाटलं असेल त्याचा हिशोब नाही. पण वर माणसं बसली होती. आणि खरं सांगायचं तर पंधरा वर्षांत आपण बोललेली एकही गोष्ट आपणच केलेली त्यांना आठवत नव्हती. ही एक तरी करू, असं कुठेतरी आतून वाटत होतं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, कापलेल्या पट्ट्याकडे पाहिलं आणि तोंडाला हात लावून हसत सुटली.

"हे कापलंय की गुरांनी तुडवलंय?"

"तू हसायला आलीस का?"

"हसायला नाही तर काय, हार घालायला?" तिने डबा बांधावर ठेवला, डोक्याला फडकं बांधलं. "द्या इकडे."

ती शेतकऱ्याची मुलगी. लग्नाआधी बापाच्या शेतात कापणीला जायची. या घरात आल्यापासून बावीस वर्षांत तिच्या हातात लाटण्याहून जड काही आलं नव्हतं. पहिल्या चार मुठी तिच्याही वेड्यावाकड्या गेल्या. मग हाताला आठवलं. विळा जमिनीलगत सपकन फिरू लागला, काड्या एकीवर एक पडू लागल्या. साहेब उभे राहून बघत राहिले. आपल्या बायकोला हे येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

"बघताय काय? पेंढ्या बांधा माझ्या मागे," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी जाताना त्यांना गाडीचं दार उघडता येईना. तळहाताला फोड आले होते आणि मूठ मिटत नव्हती. बायकोने दार उघडलं.

*

तिसऱ्या दिवशी फोटोवाले आले.

साहेब वाकलेले, बायको शेजारी, मागे सोनेरी गहू. फोटो झकास आले. दुसऱ्या सकाळी पेपरात पहिल्या पानावर. दहा वाजता पक्षाच्या अध्यक्षांचा फोन.

"वा, वा! काय डोकं लढवलंत! जमिनीशी जोडलेला नेता! हे कोणाला सुचलं?"

"कोणाला नाही. मजूर आले नाहीत म्हणून कापतोय."

"ते आपल्यात. बाहेर म्हणायचं, श्रमदान. आणखी दोन दिवस चालू ठेवा, मी कॅमेरा पाठवतो. पण जरा स्वच्छ सदरा घाला, काय?"

साहेबांनी फोन ठेवला. हाताला फोड आले ते खरे, कंबर मोडली ती खरी, रात्री कूस बदलता येत नाही ते खरं. आणि तरीही ते नाटकच ठरलं. आयुष्यभर खोटं केलं तेव्हा लोक खरं मानत होते. आता खरं करायला गेलो तर कोणाला पटेना. दुपारी थोरल्याने माणसं पाठवली. त्यांनी बांधावर दोन बांबू रोवले आणि फलक ताणला. साहेबांचा विळा धरलेला फोटो, हात चेहऱ्याएवढा मोठा, खाली लिहिलेलं, मातीचा लेक.

उतारावर असा हशा उठला की पाखरं उडाली.

साहेब कापत होते तिथून सरळ झाले, फलकापाशी गेले आणि हातातल्या विळ्याने त्यांनी तो वरून खालपर्यंत टराटरा फाडला. फाडताना फोटोतल्या स्वतःच्या नाकावरून विळा गेला तेव्हा त्यांना बरं वाटलं.

"साहेब, थोरल्या साहेबांनी…" माणूस चाचरत म्हणाला.

"त्यांना म्हणावं, लेकाला मातीत काम आहे."

या वेळी पहिल्यांदाच उतारावरून कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने मुकादमीण खाली उतरून बांधावर आली. हात मागे बांधून उभी राहिली. बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अहो, मूठ उलटी धरताय. अंगठा वर. अंगठा खाली ठेवला तर एक दिवस विळ्यासोबत जाईल तो."

साहेबांनी अंगठा वर घेतला.

"आणि कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा. पुढे सरका. काड्या ओढू नका, विळा ओढा. हां. आता कसं."

"तुम्ही काम बंद ठेवलंय ना?" साहेब धापा टाकत म्हणाले.

"मी कुठे काम करतेय? तुम्ही गहू वाया घालवताय ते बघवत नाही म्हणून बोलले." ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "चार दिवसांत तुम्ही दोघांनी मिळून जेवढं कापलं, तेवढं आमच्यातल्या तीन बायका दुपारच्या जेवणापर्यंत कापतात. हे मी हिणवायला सांगत नाही. हिशोबाला ठेवा."

त्यांनी ते ठेवलं. त्या संध्याकाळी त्यांची पहिली पात पुरी झाली. बांधाला हात लागला तेव्हा ते तिथेच मातीत बसले. उजवीकडे पाहिलं तर उरलेलं शेत जसंच्या तसं उभं होतं, वाऱ्यावर खुळखुळत.

*

सातव्या दिवशी पश्चिमेला ढग दिसू लागले, आणि त्याच सकाळी थोरल्याने बाहेरगावचे मजूर आणले. दोन ट्रक भरून. पुढे पोलिसांची गाडी, तिच्यामागे थोरल्याची. शेताकडे जाणारी वाट वस्तीच्या मधून जाते. वस्तीतली माणसं घरांतून निघाली आणि वाटेवर आडवी झाली. म्हातारे, बाया, सगळे, गाड्यांच्या चाकांपुढे मातीत पाठ टेकून.

साहेब शेतातून धावत आले. तळव्यांना फडकी बांधलेली, विळा हातात तसाच. थोरला गाडीतून उतरला होता.

"बाजूला हो," तो म्हणाला. "दोन तासांत उठवतो यांना. गहू आज संध्याकाळी खळ्यात असेल."

"ट्रक परत पाठव, दादा."

"काय?"

"ही वाट माझ्या जागेतून जाते. तूच नोटीस काढलीस ना माझ्या नावाने? मग मी सांगतो, माझ्या जागेतून ट्रक जाणार नाही."

पोलीस अधिकाऱ्याने एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. अशी भानगड त्याच्या नोकरीत आली नव्हती. या घरातून आतापर्यंत एकच हुकूम यायचा.

थोरला जवळ आला. आवाज खाली आणला. "सात दिवस उन्हात राहून डोकं फिरलंय तुझं. तुला वाटतं तू कोणीतरी आहेस? पंधरा वर्षं मी तुला वाजवतोय. पिपाणी आहेस तू, पिपाणी! तिकीट माझ्या खिशात आहे. उद्या माझ्या पोराला उभा करीन आणि लोक त्यालाही साहेब म्हणतील."

साहेबांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. वाटेवर झोपलेली माणसं मान वर करून ऐकत होती. मुकादमीणही. अशा वेळी ते आजवर हसत आले होते. आत्ताही ओठ हलले, पण हसू आलं नाही.

"दे त्याला तिकीट," ते म्हणाले. "पण सही माझीच लागणार ना, दादा? ती आता मी बघून करणार."

आणि ते गाड्यांच्या पुढे, मुकादमिणीच्या शेजारी, वाटेवर बसले. आडवे झाले नाहीत, कारण एकदा आडवे झाले तर कंबर परत उठू देणार नाही, याची त्यांना खात्री होती.

अर्धा तास कोणीच हललं नाही. मग ट्रकवरचा एक मजूर खाली उतरला, त्याने आडव्या पडलेल्या माणसांकडे बघितलं आणि चालकाला म्हणाला, "वळव. असा कोणाच्या पोटावर पाय देऊन कापायला आलो नाही आम्ही." ट्रक मागे वळवायलाच वाटेत जागा नव्हती. दोन्ही ट्रक उलटे मागे मागे जात राहिले, आणि त्यांच्या मागोमाग थोरल्याची आणि पोलिसांची गाडीही उलटी.

मुकादमिणीने पाठीवरची माती झटकली.

"आता पुन्हा शब्द देऊ नका," ती म्हणाली. "शब्द ठेवायला आमच्याकडे जागा उरली नाही."

"नाही देत. उद्या नोंदणी कचेरीत चला. सगळे."

*

कचेरीत सकाळी दहाला ऐंशी माणसं. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं आणि आत गेला. आतून निरोप आला, मोठे अधिकारी बाहेर गेलेत. कुठे? माहीत नाही. कधी येतील? माहीत नाही. थोरल्याचा फोन आधीच पोचला होता हे सांगायला नको.

"थांबतो मी," साहेब म्हणाले आणि बाकावर बसले.

"साहेब, तुम्ही घरी जा, मी कळवतो ना…"

"मी पंधरा वर्षं लोकांना असं बाहेर बसवलंय. आज माझी पाळी."

ते बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही. बायकोने घरून कागद आणले होते, सगळे नकाशे, सगळे सातबारा उतारे. ती एकेक घर मोजून कारकुनाकडून मसुदा लिहून घेत होती. अडीच वाजता मोठे अधिकारी मागच्या दाराने हात धुवायला निघाले आणि समोरच मुकादमीण. तिने काही म्हटलं नाही. नुसती हात बांधून दारात उभी राहिली. अधिकारी परत फिरून खुर्चीत बसले.

आणि मग नवीच पंचाईत. अंगठा यंत्रावर ठेवायचा असतो. साहेबांनी ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल.

"घेत नाहीये," कारकून म्हणाला. सवयीने पुढचं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं, "मजुरीची कामं करता का? रेघा झिजल्यात. तेल लावून चार दिवसांनी या." मग कोणाशी बोलतोय ते ध्यानात येऊन तो कानापर्यंत लाल झाला.

मागे रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी रांग हसली.

"आमचं हे रोजचं आहे," मुकादमीण म्हणाली. "दवाखान्यात नाही घेत, धान्याच्या दुकानात नाही घेत. करंगळी ठेवा, डावी. तिला काम नसतं."

डाव्या करंगळीला हिरवा दिवा लागला. चाळीस वेळा साहेबांनी ती करंगळी यंत्रावर ठेवली. प्रत्येक कागद वाचला, मग सही केली. फोडांमुळे पेन नीट धरता येत नव्हतं, सही वाकडी येत होती, पण येत होती. शेवटचा कागद झाला तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ टळून गेली होती.

कोणी पाया पडलं नाही. कोणी जयजयकार केला नाही. मुकादमिणीने आपला कागद घडी करून पिशवीत घातला आणि म्हणाली, "उद्या सहाला येतो. मजुरी ठरलेली तीच घेणार. कमी नको, जास्त नको. उपकाराची कापणी आम्ही करत नाही."

"आणि मी?"

"तुम्ही कडेची पात धरा. कोणाच्या मध्ये येऊ नका."

*

दीड दिवसात गहू कापून झाला. साहेब कडेच्या पातीवर, सगळ्यांच्या मागे. त्यांना कोणी साहेब म्हणून थांबून राहिलं नाही, आणि कोणी हसलंही नाही. त्यांची बायको तिसऱ्या ओळीत होती आणि मुकादमिणीशी पैज लावून कापत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गारा आल्या. नऊ एकरांच्या पेंढ्या तोवर झाकून झाल्या होत्या. उघड्यावरचे तीन एकर गेले. साहेब पेंढ्यांच्या ढिगाआड बसून गारा बघत राहिले. तीन एकरांचं दुःख त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा तीन एकरांएवढंच झालं, कारण ते कापायला किती लागतं हे आता पाठीला माहीत होतं.

थोरल्याने बोलल्याप्रमाणे केलं. पक्षाने तिकीट पुतण्याला दिलं. साहेबांना घरातलं जेवण तोंडात फिरू लागलं, तेव्हा दोघं नवराबायको शेतातल्या कोठीत राहायला आले. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी साहेब सायकलवरून कचेरीत गेले आणि अपक्ष म्हणून उभे राहिले.

"कशाला उभे राहता?" बायको म्हणाली होती. "हरणार आहात."

"हरायचं तर हरू. पण या वेळी भाषण मी लिहिणार."

भाषण चांगलं झालं नाही. मधेच अडकायचे, शब्द सापडायचा नाही. गळ्यात हार नव्हता, मागे गाडी नव्हती. पायी हिंडले, दारोदार गेले. काही लोकांनी पाणी दिलं, काहींनी दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्याने मयतातल्या हसण्याची आठवण करून दिली. साहेबांनी हात जोडून त्याची माफी मागितली.

मोजणीच्या दिवशी पुतण्या निवडून आला. साहेब दुसरे. फटाके वाजले, मिरवणूक मुद्दाम शेताच्या कडेने नेली.

साहेबांना हरल्याचं फारसं लागलं नव्हतं. लागलं ते वेगळंच. प्रत्येक केंद्राचे आकडे लावले होते, त्यात उताराच्या केंद्राचेही. एकशे बारा मतं. त्यांना एक्क्याऐंशी. पुतण्याला एकतीस.

एकतीस!

दुसऱ्या सकाळी ते तरातरा उतार चढून गेले. वाटेत थोरल्याचे शब्द आठवत होते, करंगळी आठवत होती, आडवी पडलेली माणसं आठवत होती. मुकादमीण घराला नवीन दार बसवत होती. फळीत खिळा ठोकणं चालू होतं.

"एकतीस जणांनी त्याला मत दिलं," साहेब म्हणाले. "कागद घेऊन. कोण ते?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही कोणाला दिलंत?"

मुकादमिणीने तोंडातले खिळे हातावर घेतले. त्यांच्याकडे नीट बघितलं.

"ते सांगायचं नसतं, साहेब. इतकी वर्षं आम्ही सांगत होतो, कारण घर तुमचं होतं. रागावलात तर जायचं कुठे? आता घर माझ्या नावावर आहे आणि मत माझ्या पोटात. तुम्हाला हे नको होतं का? मग कशाला केल्या चाळीस सह्या?"

साहेबांनी मान वळवली. राग नाकाशी आला होता, तो तिथेच थोडा वेळ घुटमळला. शेजारच्या घराच्या भिंतीला कोणीतरी नवा चुना दिला होता. त्याच्यापुढच्या घरात नवी खिडकी पाडत होते. कागद हातात येईपर्यंत कोणी या घरांना खिळासुद्धा मारला नव्हता.

आणि मग साहेब हसले. सवयीचं नाही. पोटातून आलं, खोकल्यासारखं, आणि थांबेचना.

मुकादमीणही हसली. "पुन्हा उभे राहणार का?"

"राहणार! पाच वर्षांनी राहणार, दहा वर्षांनी राहणार. पडेपर्यंत उभा राहणार."

"मग या मत मागायला." तिने एक खिळा फळीवर टेकवला आणि हातोडी उचलली. "पण आता असं सरळ घुसायचं नाही. दार आहे. वाजवायचं आणि थांबायचं."

साहेबांनी फळीची दुसरी बाजू धरली, म्हणजे ती खिळा ठोकेपर्यंत हलणार नाही.